माझे हरणारे सिंह

तुमचा आवडता संघ कोणता? थांबा, उत्तराची घाई करू नका. आयपीएल सुरू झाली की आमच्या चौथीच्या वर्गात दर सोमवारी मी हा प्रश्न विचारते आणि दर सोमवारी मला नवं उत्तर मिळतं. रविवारी जो जिंकला, तो आपला! एका पठ्ठ्याने तर एकाच मोसमात चार संघ बदलले. मी काही बोलले नाही. मग त्यानेच मला विचारलं, "बाई, तुमचा संघ कोणता?"

"डेट्रॉईट लायन्स."

वर्ग गप्प. मग मागच्या बाकावरून आवाज आला, "तो शेवटचा अजिंक्य कधी झाला होता?"

"१९५७ साली."

मुलं किती हसली म्हणता! शेजारच्या वर्गातल्या गुरुजींनी दारातून डोकावून पाहिलं. हसणं ओसरल्यावर तो चार संघवाला मुलगा अगदी गंभीरपणे म्हणाला, "मग बाई, तुम्ही संघ बदलत का नाही?"

प्रश्न साधा होता, पण मला चटकन उत्तर देता आलं नाही. तेच उत्तर आज तुम्हाला सांगते. जरा लांबलचक आहे. बाबांना आणि आईलाही वाचू द्या.

लायन्स म्हणजे सिंह. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात डेट्रॉईट नावाचं शहर आहे, तिथला हा अमेरिकन फुटबॉलचा संघ. आता आमच्यासारख्या तालुक्याच्या गावातल्या प्राथमिक शिक्षिकेचा आणि डेट्रॉईटचा काय संबंध? संबंध मोटारींचा! डेट्रॉईट हे मोटारींचं माहेरघर. आपल्या पुण्या-चिंचवडचे कितीतरी इंजिनिअर तिकडे नोकरीला जातात. तिथे महाराष्ट्र मंडळ आहे, गणपती बसतो. माझा मावसभाऊही २००८ साली तिकडे गेला. मी तेव्हा डी.एड.च्या पहिल्या वर्षाला होते. दादा दर सोमवारी मला ई-मेल पाठवायचा आणि त्यात हवापाण्याच्या आधी लायन्सचा निकाल असायचा. तो वाचायला मी सायबर कॅफेत जायची.

हा फुटबॉल म्हणजे आपला फुटबॉल नव्हे बरं का. चेंडू सोललेल्या नारळासारखा दोन्हीकडे निमुळता, आणि तो पायापेक्षा हातानेच जास्त खेळतात. अकरा विरुद्ध अकरा. मैदान १०० यार्डांचं. ज्यांच्याकडे चेंडू, त्यांना चार प्रयत्न मिळतात. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकलं की पुन्हा नवे चार. नाहीतर चेंडू दुसऱ्यांकडे. पलीकडच्या टोकाच्या पट्ट्यात चेंडू पोचला की टचडाउन, म्हणजे ६ गुण. ते जमत नसेल तर लांबूनच लाथेने दोन खांबांमधून उडवायचा, त्याचे ३. चेंडू फेकणारा मुख्य गडी तो क्वार्टरबॅक. कबड्डीत चढाईला आलेल्यावर सगळे तुटून पडतात ना, तसे समोरचे याच्यावर तुटून पडतात. फरक एवढाच, की अंगावर येणाऱ्यांतला एकेक जण सव्वाशे-दीडशे किलोचा असतो! एकूण ३२ संघ. प्रत्येकाचे मोसमात १६ सामने असत. २०२१ पासून १७ झाले. मग बाद फेरी, आणि शेवटी अजिंक्यपदाचा सामना, सुपर बोल.

तर २००८. मोसमाआधी सरावाचे चार सामने झाले. लायन्सनी चारच्या चार जिंकले! दादाची ई-मेल आनंदाने नुसती उड्या मारत होती. मग खरा मोसम सुरू झाला आणि सिंह हरायला लागले. एक हरले, दोन हरले, पाच हरले. त्यात मिनेसोटाविरुद्धचा सामना तर ऐकाच. लायन्सचा क्वार्टरबॅक डॅन ऑर्लोव्स्की चेंडू घेऊन आपल्याच टोकाच्या पट्ट्यात मागे मागे पळाला आणि पळता पळता मागची रेघ ओलांडून मैदानाबाहेर गेला. त्याला कळलंच नाही! तो आपला पळतोच आहे. असं झालं की समोरच्यांना २ गुण मिळतात. सामन्याचा निकाल काय लागला माहीत आहे? १२-१०. बरोबर दोनच गुणांनी हार. (ऑर्लोव्स्की पुढे टीव्हीवर फुटबॉलचा जाणकार झाला आणि या फजितीवर तो स्वतःच हसतो. मला तो म्हणूनच आवडतो.)

वर्षअखेर हिशेब झाला: सामने १६, विजय शून्य. १६ सामन्यांच्या मोसमात असा पराक्रम त्याआधी कुणीही केला नव्हता.

आम्ही शिक्षक फळ्यावर सुविचार लिहितो, 'अपयश ही यशाची पहिली पायरी आहे.' लिहितो खरं, पण ही पायरी किती रुंद असते ते लायन्सच्या चाहत्यांना विचारा!

तेव्हा डेट्रॉईटचेच दिवस वाईट होते. २००९ साली जनरल मोटर्स आणि क्रायस्लर या प्रचंड मोटार कंपन्यांनी दिवाळखोरीचा अर्ज केला. पुढे २०१३ साली तर खुद्द शहरानेच केला. दादाच्या ऑफिसात रोज कुणाचं तरी टेबल रिकामं होत होतं. आपलं कधी होईल या धाकात तोही होता. मावशी फोनवर रडायची, "ये रे परत." अशा दिवसांत तो सोबत्यांबरोबर सामना बघायला गेला. लायन्स अर्थातच हरले. मी त्याला लिहिलं, "हरणारा संघ बघायला एवढ्या थंडीत पैसे खर्च करून कशाला जातोस?" त्याने उत्तर पाठवलं, "अगं, ऑफिसात कुणी कुणाशी बोलत नाही. तिथे सगळे बोलतात."

त्या दिवसापासून हा माझा संघ झाला. मी अजून एकही सामना मैदानात बसून पाहिलेला नाही. जे काही पाहिलं ते आधी कॅफेतल्या आणि आता मोबाइलच्या पडद्यावर.

आता तुम्ही म्हणाल, हरणाऱ्यांना काही मदत नसते का? असते तर! आणि ती मला या खेळातली सगळ्यांत छान गोष्ट वाटते. तिथे दरवर्षी कॉलेजांतल्या नव्या खेळाडूंची निवड होते, तिला ड्राफ्ट म्हणतात. त्यात पहिला क्रमांक कुणाचा? जो सगळ्यांत खाली, त्याचा! अजिंक्य संघ सगळ्यांत शेवटी निवडतो. आपल्याकडे भिडू निवडताना काय होतं आठवा. दोन दांडगट पुढे उभे राहतात, चांगले चांगले गडी वाटून घेतात, आणि शेवटी एक-दोन चेहरे उरतात. तुमच्यापैकी काहींना ते उरणं कसं असतं ते ठाऊक असेल. मला चांगलं ठाऊक आहे.

मी वर्गात हा नियम सांगितला तेव्हा मुलं खूश झाली. दुपारी त्यांनी कबड्डीत तो लागूही केला: काल जी बाजू हरली ती आज आधी निवडणार. चार दिवस बहारीचे सामने झाले. पाचव्या दिवशी एका बाजूच्या लक्षात आलं, की उद्या शनिवारी मोठा सामना आहे, तेव्हा आज हरलेलं बरं! चढाईला गेलेला गडी स्वतःहून जाऊन मिठीत बसू लागला. शाळेत कडाक्याचं भांडण. शेवटी मुलांनीच तोड काढली, चिठ्ठ्या टाकायच्या. मी चकितच झाले, कारण अमेरिकेतल्या बास्केटबॉलच्या एनबीएने १९८५ पासून हाच उपाय केला आहे! फुटबॉलवाल्यांनी मात्र अजून केलेला नाही.

पण ड्राफ्टने सगळं भागत नाही. सिंहांचंच बघा. खाली राहिल्यामुळे त्यांना दरवर्षी वरचा क्रमांक मिळायचा. २००३, २००४ आणि २००५, सलग तीन वर्षं त्यांनी पहिल्या फेरीत चेंडू झेलणाराच खेळाडू घेतला. म्हणजे क्रिकेटच्या संघात तीन वर्षं नुसते सलामीचे फलंदाज भरावेत तसं. चेंडू फेकणारा धड नाही, त्याला सांभाळणारे धड नाहीत, मग झेलणार काय? हे करणारे अधिकारी मॅट मिलन २००१ पासून थेट २००८ च्या सप्टेंबरपर्यंत खुर्चीवर होते. माझं स्पष्ट मत आहे, की मैदानात हरणाऱ्यांना आपण फार बोलतो आणि खुर्चीत बसून हरवणाऱ्यांना फार कमी.

कारण चांगले खेळाडू लायन्सकडे नव्हते असं नाही. बॅरी सँडर्स नावाचा एक अद्भुत धावपटू होता. बुटका, पण असा सटकायचा की पकडणारे हवेला मिठी मारून पडायचे. १९९७ च्या मोसमात तो २,०५३ यार्ड धावला. सर्वकालीन विक्रमाला १,४५७ यार्ड कमी असताना, १९९९ साली, चालता-फिरता, धडधाकट असताना त्याने खेळ सोडला. सतत हरणारं वातावरण हे त्याचं एक कारण होतं, असं त्यानेच पुढे आत्मचरित्रात सांगितलं. त्याला पळपुटा म्हणणारे पुष्कळ होते. मी म्हणणार नाही. दहा वर्षं ज्याने ओझं वाहिलं, त्याने ते खाली ठेवलं तर आपण कोण बोलणारे?

शून्य विजयांचं बक्षीस म्हणून २००९ च्या ड्राफ्टमध्ये लायन्सना पहिला क्रमांक मिळाला आणि त्यांनी मॅथ्यू स्टॅफर्ड हा क्वार्टरबॅक घेतला. वय २१. त्याच वर्षी २२ नोव्हेंबरला डेट्रॉईटमध्ये एक सामना झाला, लायन्स विरुद्ध क्लीव्हलँड ब्राउन्स. दोन्ही संघ रडतखडत चाललेले, त्यामुळे बाकीच्या अमेरिकेला त्याचं काहीच नव्हतं. शेवटच्या क्षणी लायन्स सहा गुणांनी मागे. स्टॅफर्डने चेंडू लांब फेकला आणि तेवढ्यात एक धिप्पाड गडी त्याच्यावर कोसळला. डावा खांदा निखळल्यासारखा झाला. तो विव्हळत पडून राहिला. पण चेंडू फेकला तेव्हा ब्राउन्सच्या खेळाडूने नियमभंग केला होता, म्हणून लायन्सना आणखी एक चेंडू मिळाला, अगदी रेघेपासून एक यार्डावर. घड्याळ संपलेलं. स्टॅफर्डला बाहेर नेलं, डॉक्टर त्याला धरून बसले. नेमका तेव्हाच ब्राउन्सनी विचार करायला वेळ मागून घेतला! त्या अवधीत हा पोरगा डॉक्टरांच्या हातून निसटला, मैदानात आला आणि एका हाताने चेंडू फेकून टचडाउन केला. वरच्या एका गुणासह ३८-३७!

दादाने त्या रात्री ई-मेल केली नाही, सरळ फोन केला. फोनवर इतका आरडाओरडा, की आईला वाटलं तिकडे काहीतरी अघटित घडलं. लायन्सनी त्या वर्षी १६ पैकी दोनच सामने जिंकले, त्यातला हा दुसरा.

क्लीव्हलँडच्या चाहत्यांचं त्या दिवशी काय झालं असेल, हे मला फार नंतर सुचलं. त्यांची कहाणी तर आमच्याहून कडू. १९९५ च्या नोव्हेंबरमध्ये ब्राउन्सच्या मालकांनी जाहीर केलं, की आपण संघ उचलून बाल्टिमोरला नेणार. शहरातून संघच निघून गेला! लोक भांडले. एवढं मिळवलं, की संघाचं नाव, रंग आणि इतिहास क्लीव्हलँडलाच राहिला, आणि १९९९ साली नवा संघ उभा राहिला. इकडे बाल्टिमोरला गेलेल्या संघाने २००१ च्या जानेवारीत सुपर बोल जिंकलासुद्धा. घरातून गेलेला मुलगा दुसऱ्यांच्या अंगणात पहिला आला, तर तुम्ही टाळ्या वाजवाल की डोळे पुसाल?

नव्या ब्राउन्सनी २०१६ साली १६ पैकी एक सामना जिंकला, आणि २०१७ साली एकही नाही. शून्य-सोळा करणारा लायन्सनंतरचा दुसरा संघ! पण लायन्स न जमल्यामुळे हरले होते. ब्राउन्सच्या अधिकाऱ्यांनी अनुभवी खेळाडू सोडून दिले आणि पुढच्या ड्राफ्टमधले निवडीचे हक्क गोळा करत बसले. आज उपाशी राहा, उद्या मेजवानी आहे, असा तो हिशेब. हिशेब कागदावर बरा असेल. पण त्या दोन वर्षांत ज्या आठ वर्षांच्या पोराला त्याच्या बाबांनी पहिल्यांदा मैदानात नेलं असेल, त्याचं काय? त्याला मेजवानीचं कुणी सांगितलं होतं? आणि गंमत म्हणजे, जमवलेले हक्क वापरून त्यांनी २०१८ साली पहिल्या क्रमांकाने बेकर मेफील्ड घेतला, चार वर्षांनी त्यालाच दुसरीकडे धाडलं, आणि आणखी एका क्वार्टरबॅकसाठी पहिल्या फेरीचे तीन हक्क देऊन टाकले. २०२४ च्या मोसमात विजय किती? १७ पैकी ३.

पण तिथले चाहते! २०१८ च्या ६ जानेवारीला, हाडं गोठवणाऱ्या थंडीत, त्यांनी स्टेडियमभोवती मिरवणूक काढली. मिरवणुकीचा आकार कसला, तर शून्याचा! थट्टेचे फलक, थट्टेचे पोशाख. आणि या निमित्ताने शहरातल्या अन्नपेढीसाठी देणगीही गोळा केली. काही खेळाडूंना ती मिरवणूक झोंबली. झोंबावीच. पण मला विचाराल तर, डोक्यावर कागदी पिशवी घालून तोंड लपवण्यापेक्षा हे बरं. हो, तेही झालेलं आहे! १९८० साली न्यू ऑर्लिन्सचा सेंट्स संघ १६ पैकी १५ सामने हरला, तेव्हा तिथले प्रेक्षक डोळ्यांपुरती भोकं पाडलेल्या कागदी पिशव्या डोक्यावर चढवून बसायचे. तोच संघ २०१० साली सुपर बोल जिंकला.

सगळ्यांत मोठ्या मनाचे चाहते मात्र बफेलो शहराचे. १९९१ च्या जानेवारीत त्यांचा बिल्स संघ सुपर बोलमध्ये पोचला. शेवटच्या काही सेकंदांत स्कॉट नॉरवुडने ४७ यार्डांवरून चेंडू खांबांमधून मारायचा होता. गेला असता तर अजिंक्यपद. चेंडू उजवीकडून बाहेर गेला. हार, अवघ्या एका गुणाने. दुसऱ्या दिवशी शहरात संघाच्या स्वागताला हजारो लोक जमले आणि ओरडू लागले, "आम्हाला स्कॉट हवा!" तो रडत रडत पुढे आला. बिल्स त्यानंतर सलग तीन वर्षं सुपर बोलमध्ये पोचले आणि तिन्ही वेळा हरले. चौघांत एकही नाही.

हे मी का सांगते? कारण मला माझ्या लायन्सच्या चाहत्यांबद्दलही एक तक्रार आहे. २०२१ साली स्टॅफर्डला लॉस एंजेलिसच्या रॅम्स संघाने घेतलं. बदल्यात आपला नको झालेला क्वार्टरबॅक जॅरेड गॉफ आणि निवडीचे काही हक्क लायन्सना दिले. पुढच्याच फेब्रुवारीत, २०२२ साली, स्टॅफर्ड सुपर बोल जिंकला. इकडे डॅन कॅम्बेल नावाचे नवे प्रशिक्षक आले होते. ते पहिले अकरा सामने एकही जिंकले नाहीत. एकदा शेवटच्या सेकंदाला हरल्यावर पत्रकारांसमोर त्यांचे डोळे भरून आले. लोक हसले; मला बरं वाटलं. डिसेंबरात पहिला विजय आला, तोही शेवटच्या चेंडूवर. त्याच आठवड्यात डेट्रॉईटजवळच्या ऑक्सफर्ड गावातल्या शाळेत गोळीबार होऊन चार विद्यार्थी गेले होते. कॅम्बेलनी सामन्याचा चेंडू त्या शाळेला अर्पण केला. तो व्हिडिओ मी शिक्षक-खोलीत बघितला आणि पुढच्या तासाला वर्गात जायला मला थोडा वेळ लागला.

मग दोन वर्षांत सिंह उभे राहिले. २०२४ ची बाद फेरी. सामना डेट्रॉईटमध्ये, आणि समोर कोण? स्टॅफर्डचाच रॅम्स संघ! आपल्याकडे १५ जानेवारीची सकाळ, संक्रांतीचा दिवस. मी ओट्यावर डब्याला टेकवून मोबाइल उभा केला होता आणि गुळाच्या पोळ्या लाटत होते. स्टॅफर्ड मैदानात आला तशी प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. बारा वर्षं ज्याने या शहरासाठी खांदे मोडून घेतले, त्याची! मी लाटणं खाली ठेवलं. दुसरीकडे तेच प्रेक्षक "जॅरेड गॉफ, जॅरेड गॉफ" असा गजर करत होते. रॅम्सना नको असलेला गॉफ. तो गजर ऐकून मात्र अंगावर काटा आला. लायन्स २४-२३ असे जिंकले. बाद फेरीतला १९९२ च्या जानेवारीनंतरचा पहिला विजय, ३२ वर्षांनी! एक पोळी करपली, ती मीच खाल्ली.

संध्याकाळी दादाशी हुर्योवरून चांगलंच वाजलं. तो म्हणाला, "खेळात असंच असतं गं, एक दिवसाचं असतं ते." मी म्हटलं, "बफेलोच्या लोकांना विचार." तो म्हणाला, "तू मैदानात असतीस तर तूही ओरडली असतीस." मी म्हटलं, मुळीच नाही. हा वाद अजून मिटलेला नाही. मुलांनो, तुम्हाला काय वाटतं?

त्या वर्षी सिंह सुपर बोलपासून एका सामन्यावर येऊन थांबले. सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध अर्ध्या वेळेला २४-७ असे पुढे होते, आणि ३४-३१ असे हरले. कॅम्बेलनी सोपे तीन-तीन गुण घ्यायचं सोडून दोनदा चौथ्या प्रयत्नात धाडस केलं आणि दोन्ही वेळा फसलं. त्यांच्यावर केवढी टीका झाली! मला ते पटलेलं आहे. ज्या धाडसावर संघ इथवर आला, ते इथे येऊन कशाला टाकायचं? पुढच्या मोसमात १७ पैकी १५ सामने जिंकले आणि बाद फेरीच्या आपल्या पहिल्याच सामन्यात वॉशिंग्टनकडून ४५-३१ असे आपटले. मी वर्गात निकाल सांगितला तेव्हा चार संघवाला मुलगा माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बाई, पुढचा सामना कधी?"

ते मी त्याच्या वहीत लिहून दिलं आहे. १९३४ पासून लायन्सचा एक सामना नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी, थँक्सगिव्हिंगच्या सणाला, घरच्या मैदानात होतो. फक्त महायुद्धाच्या काळात काही वर्षं खंड पडला. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेलेले असतात. शुक्रवारी आमची शाळा सकाळची, सातला प्रार्थना. त्याच्या आईने विचारलं तर मी त्याला जागायला सांगितलेलं नाही.